अवजड यंत्रभागांचे प्रेषण

अवजड धातुमय यंत्रभाग दूरच्या स्थळी सुरक्षितपणे पोहोचविण्यासाठी करावयाचे वर्गीकरण, आवेष्टन व बंधन यांचा समावेश या विषयात होतो. वजनामुळे असे भाग मजबूत भासतात. तथापि धारव्यावरील गंज किंवा दंडाला आलेला किंचित बाक एवढ्यानेही संपूर्ण यंत्र निकामी होऊ शकते. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या व आता खडकवासला (पुणे) येथे असलेल्या केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्रात पंपांकडे पाणी भोवरे न होता यावे म्हणून पंपकुंडांच्या प्रतिकृतींवर अभ्यास केला जातो. परंतु पंपाचा दंड वाटेत वाकला, तर कुंडाची रचना कितीही निर्दोष असली तरी पंप नीट चालणार नाही.

वर्गीकरण : हे दोन दृष्टींनी करतात. पहिली जकातीची. १९८८ पासून अंमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय सुसंवादी पद्धतीत द्रवांचे पंप व त्यांचे खास भाग ८४१३ या शीर्षकाखाली, गोळ्यांचे धारवे ८४८२ खाली, तर लोखंडी बोल्ट ७३१८ खाली येतात. स्वतंत्रपणे पाठविलेली विद्युत् चलित्रे ८५०१ खाली मोडतात. पंपाला जोडून एकसंध संच म्हणून पाठविल्यास तीच पंपात गणली जातात. दुसरी दृष्टी भागाच्या स्वभावाची. ओतीव लोखंडाची कवचे दाब सोसतात, पण आघाताने तडकतात. लांब दंडांना अनेक ठिकाणी आधार लागतो. परिभ्रमक मोकळा राहिल्यास प्रवासातील कंपनांनी धारव्यांत खाचा पडतात, म्हणून तो जखडून ठेवतात.

आवेष्टन : यंत्रण केलेल्या पृष्ठांवर गंजरोधक लेप देऊन भाग बाष्परोधी आवरणात, सिलिका जेलसह बंद करतात. निर्यातीच्या खोक्यांचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६° से. तापमानास सलग ३० मिनिटे तापविणे हा कीडनाशाचा एक मान्य उपाय आहे. खोक्यावर वजन, गुरुत्वमध्य व उचलण्याची ठिकाणे ठळकपणे दर्शवितात. गुरुत्वमध्याची खूण चुकल्यास भार यारीवर कलंडून कामगारांच्या जिवावर बेतू शकते.

बंधन : रस्त्यावरील वाहतुकीत पुढील दिशेस वजनाच्या ०·८ पट, तर बाजूंस व मागे ०·५ पट बल गृहीत धरतात. यानुसार १० टनी भागाची बंधने पुढे ८ टनांचा जोर सोसणारी हवीत. केवळ घर्षणावर विसंबणे धोक्याचे असते. तळाशी लाकडी ठोकळे व पाचरी ठोकून साखळ्या आवळतात.

अतिमाप भार : रेल्वेमार्गालगतच्या बांधकामांपासून उरणाऱ्या मोकळ्या अंतरावरून भारतीय रेल्वे अशा भारांचे ए, बी व सी वर्ग करते. रस्त्याने नेताना पूल, वळणे व वीजतारा यांची पूर्वपाहणी आवश्यक असते. तिरुअनंतपुरम् येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्रासाठीचे सुमारे ७० टनांचे दाबपात्र जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघून जुलै २०२० मध्ये पोहोचले. म्हणून भाग किती मोठा असावा व कोठे विभागावा, हा वाहतुकीचा प्रश्न यंत्राच्या अभिकल्पाच्या वेळीच सोडवावा लागतो.