मुलींची मोटारशर्यत : डब्ल्यू सिरीजचा पहिला हंगाम

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत 'स्त्रियांसाठी स्वतंत्र स्पर्धा असाव्यात काय?' हा विषय होता आणि माझ्या वाट्याला प्रतिकूल बाजू आली होती. उदाहरणांच्या शोधात असताना २०१९ साली युरोपात झालेल्या एका मोटारशर्यतीची माहिती हाती लागली. ही शर्यत फक्त स्त्रियांसाठी होती. वाटले, आपले काम झाले! धावण्याच्या शर्यतीत मुलगे आणि मुली वेगळे धावतात हे समजण्यासारखे आहे. पण मोटारीच्या इंजिनाला आपल्याला कोण चालवतो आहे याचे काय सोयरसुतक? मग तिथे वेगळी चूल कशासाठी? परंतु जसजशी वाचत गेले तसतसा हा हातचा मुद्दा निसटत गेला. शेवटी स्पर्धेत मी तो वापरलाच नाही. (बक्षीसही मिळाले नाही, ते सोडा.) पण त्या वाचनातून जे उमगले ते या अंकाच्या वाचकांपुढे मांडावे, असे मनात आहे.

प्रथम थोडा परिचय. मोटारशर्यतींचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी ज्या गाडीत फक्त एकच माणूस बसू शकतो, जिची चाके उघडी असतात आणि जी रस्त्यावर कधीच दिसत नाही, अशा गाड्यांची एक वेगळी शिडी असते. सात-आठ वर्षांची मुले गो-कार्टवर सुरुवात करतात. तेथून फॉर्म्युला फोर, थ्री, टू अशा पायऱ्या चढत शेवटी फॉर्म्युला वन. या शेवटच्या पायरीवर १९५० पासून जागतिक अजिंक्यपद खेळले जाते, आणि तिथे स्त्रियांना मज्जाव करणारा नियम नाही. तरीही प्रत्यक्ष शर्यतीत उतरलेल्या स्त्रिया दोनच, आणि दोघीही इटलीच्या. १९५८ साली मारिया तेरेसा दे फिलिप्पिस ही पहिली. त्यानंतर १९७५ आणि १९७६ या वर्षांत लेल्ला लोम्बार्दी. १९७५ मध्ये बार्सिलोनाच्या माँटजुइक मार्गावर अपघातामुळे शर्यत अर्ध्यावर थांबवावी लागली. लेल्ला तेव्हा सहावी होती. सहाव्या क्रमांकाला एक गुण. शर्यत अपुरी म्हणून त्याचा अर्धा. फॉर्म्युला वनच्या साऱ्या इतिहासात स्त्रीच्या नावावर जमा असलेली पुंजी एवढीच : अर्धा गुण. १९७६ नंतर एकही स्त्री त्या शर्यतीच्या प्रारंभरेषेवर उभी राहिलेली नाही. १९९२ साली जोव्हान्ना अमातीने प्रयत्न केला, पण पात्रताफेरीच तिला ओलांडता आली नाही.

याचे कारण काय? शरीरबळ, असे उत्तर चटकन सुचते. वळणावर चालकाच्या मानेवर डोके आणि शिरस्त्राण यांच्या वजनाच्या काही पट भार येतो, हे खरे आहे. पण मान व्यायामाने कमावता येते, आणि पुरुष चालकही ती कमावतातच. जन्मतः कुणी घेऊन येत नाही. खरे कारण मला तरी दुसरे दिसते, ते म्हणजे पैसा. या खेळात बहुतेक पायऱ्यांवर संघ चालकाला पगार देत नाही. खालच्या पायऱ्यांवर चालकच संघाला पैसे देऊन जागा घेतो. फॉर्म्युला थ्रीच्या एका हंगामाला लाखो पौंड लागतात. ते एकतर वडिलांच्या खिशातून यावे लागतात किंवा पुरस्कर्त्यांच्या. पुरस्कर्ता पैसे कुणावर लावणार? जो वर जाईल असे त्याला वाटते त्याच्यावर. आणि आजवर कुणी मुलगी वर गेलेली नसल्यामुळे ती जाईल असे त्याला वाटत नाही. वर गेली नाही म्हणून पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून वर जाता येत नाही. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात दारिद्र्याचे दुष्टचक्र म्हणून एक आकृती आहे, तिचीच येथे आठवण होते.

कॅथरीन बाँड म्यूर या इंग्रज वकील बाईंनी नेमक्या या दुव्यावर बोट ठेवले. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी 'डब्ल्यू सिरीज' या स्पर्धेची घोषणा केली. फॉर्म्युला वनमध्ये तेरा शर्यती जिंकलेला डेव्हिड कूल्टहार्ड त्यांच्यासोबत होता. स्पर्धेची मुख्य अट साधी होती : चालकाने एक पैसाही द्यायचा नाही. गाडी, इंजिन, टायर, यंत्रज्ञ, सारे संयोजकांचे. वर पंधरा लाख डॉलरांची बक्षिसे आणि त्यांतले पाच लाख विजेतीला.

पैसे घ्यायचे नाहीत म्हटल्यावर निवड गुणांवरच करावी लागणार. शंभराहून अधिक अर्जांतून पन्नासावर मुलींना जानेवारी २०१९ मध्ये ऑस्ट्रियातील मेल्क येथे कडाक्याच्या थंडीत चाचणीसाठी बोलावले. त्या प्राथमिक यादीत वडोदऱ्याची मीरा एर्डा आणि मुंबईची वैमानिक स्नेहा शर्मा ही दोन भारतीय नावे होती, हे मुद्दाम नमूद करण्यासारखे आहे. गाडी चालवण्याबरोबरच शारीरिक क्षमता आणि बोलण्याचालण्यातली समज याही गोष्टी पारखल्या गेल्या. तेथून अठ्ठावीस जणी स्पेनमधील आल्मेरियाच्या चाचणीला गेल्या आणि अखेर तेरा देशांतील अठरा जणी ठरल्या. त्यांत भारतीय नाव राहिले नाही.

गाड्या सर्वांना एकसारख्या : इटलीच्या तातूस कंपनीची टी-३१८ ही फॉर्म्युला थ्री दर्जाची गाडी, अल्फा रोमिओचे टर्बो इंजिन, सुमारे २७० अश्वशक्ती. चालकाच्या डोक्याभोवती 'हेलो' नावाचे संरक्षक कडे. इतकेच नव्हे, तर अमकीची गाडी चांगली होती म्हणून ती जिंकली असे कुणाला म्हणता येऊ नये, यासाठी शर्यतीगणिक गाड्यांची अदलाबदलही केली जाई. मोटारशर्यतीत यंत्र किती आणि माणूस किती, हा जुनाच वाद आहे. येथे यंत्र जवळजवळ वजा केले होते.

शर्यती सहा होत्या. प्रत्येक शर्यत अर्धा तास आणि वर एक फेरी. पहिलीला २५, दुसरीला १८, तिसरीला १५, चौथीला १२ असे उतरत दहावीपर्यंत गुण.

४ मे २०१९ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे पहिली शर्यत झाली आणि ती जिंकली इंग्लंडच्या वीस वर्षांच्या जेमी चॅडविकने. जेमीचा आणि आपल्या देशाचा थोडासा संबंध आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत चेन्नईजवळच्या मार्गावर एमआरएफ चॅलेंज या स्पर्धेची अखेरची फेरी झाली होती. ती स्पर्धा स्त्रीपुरुष एकत्र अशी होती, आणि तिचे अजिंक्यपद जेमीने पटकावले होते. तेव्हा तिला मुलग्यांबरोबर धावण्याची भीती होती असे म्हणता येणार नाही.

हॉकेनहाइमलाच एक अपघात झाला. कॅनडाच्या मेगन गिल्क्सची गाडी मागून फिनलंडच्या एम्मा किमिलाइनेनच्या गाडीवर आदळली. एम्माच्या मानेला दुखापत झाली आणि पुढच्या दोन शर्यतींना ती मुकली. एम्मा एका मुलीची आई; मधली काही वर्षे ती या खेळातून दूरच होती. आता ही परतणार नाही, असे कुणालाही वाटले असते.

बेल्जियमच्या झोल्डर मार्गावर दुसरी शर्यत हॉलंडच्या बाइट्स्के व्हिसरने जिंकली, जेमी दुसरी. ही बाइट्स्के २०१३ साली रेड बुलच्या उदयोन्मुख चालकांच्या चमूत होती. इटलीतील मिझानोला पुन्हा जेमी पहिली, बाइट्स्के दुसरी. न्यूरेंबर्ग शहरातील नोरिसरिंग हा जेमतेम सव्वादोन किलोमीटरचा, भिंतींना खेटून जाणारा मार्ग. तेथे स्पेनच्या अठरा वर्षांच्या मार्ता गार्सियाने बाजी मारली. एम्मा याच शर्यतीला परतली आणि पाचवी आली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी हॉलंडमध्ये आसेन येथे तिने शर्यत जिंकली! आकडे पाहण्याची सवय असलेल्यांनी एम्माच्या नावापुढचे ५३ गुण पाहावेत. ते केवळ तीन शर्यतींचे आहेत.

आसेनलाच एक जादा शर्यत झाली, गुणांविना. तिच्यात क्रम उलटा लावला होता. गुणतालिकेत जी तळाशी ती सर्वांत पुढे. मेगन गिल्क्स पुढून निघाली आणि ॲलिस पॉवेलने मागून येत तिला गाठत गाठत आणले. अंतिम रेषेवर दोघींमधले अंतर होते एका सेकंदाचा हजारावा भाग घ्या आणि त्याच्या तिप्पट, म्हणजे ०.००३ सेकंद. जिंकली मेगनच. हॉकेनहाइमच्या त्या टकरीनंतर तिच्या वाट्याला हा आनंद आला, हे वाचून मला बरे वाटले.

या ॲलिस पॉवेलविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण पैशाचा मुद्दा तिच्याइतका कुणीच स्पष्ट करत नाही. २०१० साली ब्रिटनमध्ये फॉर्म्युला रेनॉ अजिंक्यपद जिंकणारी ती पहिली स्त्री. २०१२ मध्ये जीपी-थ्री या मालिकेत गुण मिळवणारीही पहिलीच. त्यानंतर पैसे संपले. कौशल्य कमी पडले म्हणून नव्हे, हिशेबाच्या वहीत शिल्लक राहिली नाही म्हणून ऐन उमेदीतील काही वर्षे तिची एकासनी गाडी सुटली. ११ ऑगस्ट रोजी इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅच येथे अखेरची शर्यत झाली, ती ॲलिसने जिंकली. याच मार्गावर १९८० साली दक्षिण आफ्रिकेच्या देझिरे विल्सनने ब्रिटिश फॉर्म्युला वन मालिकेतील शर्यत पुरुषांना मागे टाकून जिंकली होती.

अजिंक्यपदाचा निकालही त्या दिवशीच लागायचा होता. जेमीचे ९८ गुण, बाइट्स्केचे ८५. ॲलिस, एम्मा, बाइट्स्के आणि चौथी जेमी असा क्रम लागला. म्हणजे जेमीचे ११० आणि बाइट्स्केचे १००. बाइट्स्के त्या दिवशी जिंकली असती तर दोघींचे गुण समसमान, ११० झाले असते. सहा शर्यतींत विजेत्या पाच निघाल्या. एकटी जेमीच दोनदा जिंकली. 'मुलींत एखादीच बरी असते' या समजाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

आता टीकेकडे वळू. अमेरिकेत इंडिकार शर्यतीत धावलेल्या पिपा मान या ब्रिटिश चालिकेने, स्पर्धेची घोषणा होताच, हे स्त्रियांना बाजूला काढणे आहे अशी खंत व्यक्त केली. जर्मनीच्या सोफिया फ्लोर्शनेही विरोध केला. तिचे म्हणणे असे की अडचण खरी आहे, पण उपाय हा नव्हे. तिला सर्वोत्तमांशीच लढायचे आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये मकाव येथील भीषण अपघातात पाठीचा कणा मोडूनही काही महिन्यांत पुन्हा गाडीत बसलेली ही मुलगी. तिच्या शब्दाला वजन आहेच. मुंबईच्या लोकलमधील बायकांच्या डब्यासारखे हे आहे, असे मला वाटते. डबा वेगळा आहे म्हणून कुणी बाईला गाडी चालत नाही असे म्हणत नाही. पण डबा वेगळा लागतो, यात बाकीच्या डब्यांविषयी काहीतरी कबूल केलेले असते. पिपा आणि सोफिया यांचा आक्षेप तत्त्वाचा आहे, आणि तत्त्व म्हणून मला तो आजही पटतो. फक्त ॲलिस पॉवेलला त्या तत्त्वाने गाडी दिली नसती.

खरा दोष मला दुसरीकडे दिसतो. चालकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, मग ते कुठून तरी आणायलाच हवेत. २०२० चा हंगाम महामारीमुळे झालाच नाही. २०२१ पासून ही स्पर्धा फॉर्म्युला वनच्या मैदानांवर, तिच्या जोडीने होऊ लागली. जेमी दुसऱ्यांदा आणि २०२२ साली तिसऱ्यांदा जिंकली. पण ती तिसरी माळ गळ्यात पडली तेव्हा हंगाम पुरा झालेलाच नव्हता. ठरलेला निधी हाती न आल्याने ऑस्टिन आणि मेक्सिको येथील शेवटच्या तीन शर्यती रद्द कराव्या लागल्या. जून २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मुलींच्या खांद्यावरचे ओझे काढून संयोजकांनी आपल्या खांद्यावर घेतले होते. ते ओझे हलके झाले नव्हते, एवढेच. शिवाय तीन वेळा जिंकूनही जेमीला फॉर्म्युला टू किंवा थ्रीमध्ये जागा मिळाली नाही. शिडीची एक पायरी बांधली गेली, पुढची जिथल्या तिथेच उंच राहिली.

२०२३ मध्ये फॉर्म्युला वनच्या संयोजकांनीच 'एफ-वन अकॅडमी' नावाने मुलींची नवी मालिका सुरू केली; सूत्रे सूझी वुल्फकडे. गाड्या एक पायरी खालच्या, फॉर्म्युला फोरच्या. पहिल्या वर्षी प्रत्येक मुलीने दीड लाख युरो भरायचे आणि तेवढेच मालिकेने घालायचे, अशी व्यवस्था होती. म्हणजे पैशाचा प्रश्न निम्म्यावर आणला गेला. पहिले अजिंक्यपद मिळवले ते नोरिसरिंगच्या त्या मार्ता गार्सियाने.

जेमी अमेरिकेला गेली आणि इंडी एनएक्सटी या स्त्रीपुरुष एकत्र स्पर्धेत उतरली. पहिला हंगाम तिला जड गेला. जून २०२४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील रोड अमेरिका या मार्गावर ती पहिल्या जागेवरून निघाली आणि पहिलीच आली. त्या मालिकेत याआधी शर्यत जिंकलेली स्त्री होती, २०१० साली केंटकी येथे, पिपा मान.