‘लाइकली’ म्हणजे नेमके किती?

इंग्रजीत ‘ली’ने संपणारे शब्द बहुधा क्रियाविशेषणे असतात, ‘क्विकली’, ‘स्लोली’ ही नेहमीची उदाहरणे. ‘लाइकली’ हे मात्र प्रामुख्याने विशेषण आहे. ‘इट इज लाइकली टु रेन’ याचे भाषांतर विद्यार्थी ‘पाऊस पडणार आहे’ असे करतात आणि तेथेच अर्थ निसटतो. मराठीत ही अनिश्चितता क्रियापदातच सामावते : ‘पाऊस पडेलसे दिसते.’

बारामती-इंदापूरच्या पर्जन्यछायेतील घरांपुढे हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या इंग्रजी पत्रकांत या शब्दांना टक्केवारी ठरवून दिलेली आहे. ‘अनलाइकली’ म्हणजे २५ टक्क्यांहून कमी, ‘लाइकली’ २५ ते ५०, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५ आणि ‘मोस्ट लाइकली’ त्याहून अधिक. म्हणजे नुसते ‘लाइकली’ असेल, तर पाऊस न पडण्याचाच संभव जास्त! एरवीच्या इंग्रजीत हाच शब्द निम्म्याहून अधिक संभव सुचवतो. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या अहवालांत तर किमान ६६ टक्के. मराठी बातमीत येईपर्यंत या साऱ्या पायऱ्या पुसल्या जातात आणि उरते ती एकच ‘शक्यता’.

तेव्हा जिरायत रानात बाजरीसाठी चाड्यावर मूठ धरण्यापूर्वी पालकांनी ते मूळ पत्रक शिकत्या मुलामुलींकडून वाचून घ्यावे. ‘लाइकली’च्या आधी ‘व्हेरी’ किंवा ‘मोस्ट’ आहे काय, एवढेच त्यांना विचारावे.