जांभ्याखालचा प्राचीन समुद्र : पेडणे व डिचोली तालुक्यांतील भूस्तरांचा परिचय

गावात नवी विहीर खणावयाची झाली म्हणजे जमिनीखाली काय काय लागणार, हे जाणता विहीर खणणारा आधीच सांगतो. प्रथम तांबडी माती, तिच्याखाली कठीण जांभा, जांभ्याच्या तळाशी पांढरट, पिवळी किंवा गुलाबी चिकण माती आणि त्या मातीच्या माथ्यावर पाणी. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील बहुतेक गावांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. परंतु ही चिकण माती कोठून आली, तिच्याखाली कोणता खडक आहे आणि आपल्या झऱ्यांच्या, विहिरींच्या व शेतांच्या भवितव्याशी त्याचा संबंध काय, याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नांची उत्तरे सोप्या शब्दांत देण्याचा प्रयत्न केला आहे.

गाळाचे खडक म्हणजे काय?

शाळेच्या पुस्तकात खडकांचे तीन वर्ग सांगितलेले असतात. तप्त शिलारस थंड होऊन बनलेले ते अग्निजन्य खडक. नद्यांनी वाहून आणलेली वाळू व चिखल समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी थरावर थर साचून, दाबाने घट्ट होऊन बनलेले ते गाळाचे अथवा स्तरित खडक. आणि या दोहोंपैकी कोणताही खडक पुढे भूगर्भातील उष्णतेने व दाबाने पालटला म्हणजे होतो तो रूपांतरित खडक.

सह्याद्री म्हटला की काळा बेसाल्ट आपल्या डोळ्यांसमोर येतो. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात तो आहे हे खरे. पण गोव्यात तो ईशान्येकडील घाटमाथ्याच्या कडेपुरताच आढळतो. उर्वरित गोव्याचा पाया फार वेगळा आणि फार जुना आहे. बेसाल्टचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला. डिचोलीच्या डोंगरांतील खडक २५० कोटी वर्षांहून अधिक जुने आहेत, म्हणजे जवळजवळ चाळीसपट! ते मुळात एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचे असून पुढे रूपांतरित झालेले आहेत.

डिचोलीचे नाव भूशास्त्रात

गोव्यातील या प्राचीन खडकांना भूशास्त्रात ‘गोवा समूह’ असे नाव आहे. कर्नाटकातील धारवाडच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महासमूहाची ती पश्चिमेकडील शाखा होय. ए. आर. गोकुल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडलेल्या क्रमानुसार या समूहाचे चार विभाग पडतात. जुन्याकडून नव्याकडे ते असे : बार्से, सावर्डे, डिचोली आणि वाघेरी. आपल्या एका तालुक्याचे नाव अशा रीतीने भूशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले आहे.

पेडण्याकडील भागात जांभ्याखाली प्रामुख्याने सावर्डे विभागाचे खडक आहेत. त्यांतील मुख्य खडक ग्रेवॅक. समुद्रतळाच्या उतारावरून वाळू, खडे आणि चिखल यांचे मिश्रण वेगाने घसरत जाऊन एकत्र साचले, त्याचा हा करडा, टणक खडक. तो उघड्यावर पाहावयाचा असेल तर पणजीजवळ दोनापावल येथील समुद्रकाठी पाहता येतो. डिचोली विभागात मात्र बारीक चिखलापासून झालेला, पातळ पापुद्र्यांचा व मंद चमक असलेला फिलाइट, लोहाचे पट्टे असलेला गारेचा खडक, मँगेनीजयुक्त थर आणि क्वचित चुनखडक असे प्रकार आढळतात.

हे थर आज पोळ्यांच्या चवडीसारखे सपाट राहिलेले नाहीत. प्रचंड दाबाने त्यांना गोधडीसारख्या घड्या पडल्या असून ते वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेले आहेत. एका डोंगरात लोहखनिज सापडते आणि शेजारच्या डोंगरात सापडत नाही, याचे कारण या घड्यांत आहे.

लोह कसे साचले?

त्या काळी पृथ्वीवर झाडे नव्हती, प्राणी नव्हते आणि हवेत प्राणवायूही जवळजवळ नव्हता. समुद्राच्या पाण्यात लोह मोठ्या प्रमाणात विरघळलेले होते. सूर्यप्रकाशावर जगणारे अतिसूक्ष्म जीव पाण्यात वाढू लागले व त्यांनी सोडलेल्या प्राणवायूशी संयोग होऊन ते लोह तळाशी बसू लागले, असे सामान्यतः मानले जाते. एक थर लोहाचा, एक थर गारेचा, अशी पट्टेदार रचना तयार झाली. पश्चिम ऑस्ट्रेलियातील हॅमर्सली, ब्राझीलमधील मिनास जेराइस, आपल्या देशातील बैलाडिला आणि बळ्ळारी-होस्पेट येथील लोहखनिजही अशाच पट्टेदार खडकांचे आहे. तेरेखोल नदीपलीकडे, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी येथेही लोहखनिजाच्या खाणी आहेत.

मुळातल्या पट्टेदार खडकात लोहाचे प्रमाण बेताचेच असते. जमिनीत मुरणाऱ्या पावसाच्या पाण्याने त्यातील गार हळूहळू विरघळून वाहून नेली आणि लोह मागे राहिले. हे काम लक्षावधी वर्षे चालले. त्यामुळे डोंगराच्या पोटात कोठे कठीण ढेकळांचे, तर कोठे निळसर भुकटीचे खनिज तयार झाले. या भुकटीला खाणीवरील लोक ‘ब्लू डस्ट’ म्हणतात. ही भुकटी सच्छिद्र असते व तिच्यात पाणी साठते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व स्पष्ट होईल.

जांभा आणि चिकण माती

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एवढा पाऊस व त्यानंतरचे कडक ऊन यांमुळे कोणताही खडक वरून कुजत जातो. त्यातील विरघळणारे घटक निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहून घट्ट होतात. तोच आपला जांभा. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली केरळातील अशा दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. आपल्याकडे या दगडाचे चिरे काढून घरे बांधतात. डिचोली तालुक्यातील हरवळे येथील प्राचीन गुहा याच जांभ्यात कोरलेल्या आहेत.

जांभ्याच्या खाली, पुरता न पालटलेला पण कुजून मऊ झालेला खडक असतो. तीच विहिरीच्या तळाशी लागणारी चिकण माती. डिचोलीकडे ती बहुधा फिलाइटपासून झालेली असते. जांभा छिद्रमय असल्याने पाणी पितो. चिकण माती ते खाली जाऊ देत नाही. त्यामुळे सड्यावर मुरलेले पाणी मातीच्या माथ्यावरून वाहत जाऊन डोंगराच्या उतारावर, जेथे हा सांधा उघडा पडतो तेथे, झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. सडा ओसाड दिसतो, पण पायथ्याच्या कुळागराला उन्हाळ्यात मिळणारे पाणी त्या सड्यानेच पावसाळ्यात साठवलेले असते. पेडण्यातील मोपासारख्या पठारांचे महत्त्व या दृष्टीने समजून घेतले पाहिजे. तेथे विमानतळ उभा राहून ५ जानेवारी २०२३ पासून वाहतूकही सुरू झाली आहे. म्हणूनच आसपासच्या उतारांवरील झऱ्यांची नोंद व जपणूक आता अधिकच आवश्यक ठरते.

पाण्याची दोन कोठारे

डिचोलीच्या खाणपट्ट्यात भूगर्भातील पाण्याची एकाखाली एक अशी दोन कोठारे असतात. वरचे जांभ्यातले, ज्यावर गावच्या विहिरी व झरे चालतात. खालचे सच्छिद्र खनिजाच्या भुकटीतले. मध्ये चिकण मातीचा पडदा. खाण खोल गेली म्हणजे हा पडदा फाटतो. खनिज काढण्यासाठी खड्ड्यातील पाणी पंपाने उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाऊ लागते. शिवाय एक टन खनिज मिळविण्यासाठी सुमारे अडीच ते तीन टन माती व दगड बाजूला टाकावे लागतात. त्यांचे ढिगारे नीट बांधले नाहीत तर पावसात ती माती शेतांत व ओहोळांत उतरते. लईराईच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या शिरगावात खाणींमुळे विहिरी व झरे आटल्याची तक्रार न्यायालयापर्यंत गेली होती.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. याच खनिजावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालत आला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालण्यात आली. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली. त्या काळात ट्रकवाल्यांपासून गॅरेजवाल्यांपर्यंत सर्वांना त्याची झळ पोहोचली. पुढे डिसेंबर २०२२ पासून लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोली खाणपट्ट्यात पुन्हा काम सुरू झाले. खनिज एकदाच काढता येते, पाणी मात्र दरवर्षी लागते. म्हणून खाण किती खोल न्यावी आणि चिकण मातीचा पडदा कोठे राखावा, हे प्रश्न गावाच्या जिव्हाळ्याचे आहेत.

पेडण्याच्या बोगद्याचा धडा

जमिनीखालील थरांची जाण किती आवश्यक आहे, हे कोकण रेल्वेने पेडण्यात अनुभवले. तेथील सुमारे दीड किलोमीटर लांबीचा बोगदा पाण्याने भिजलेल्या चिकण मातीतून न्यावयाचा होता. कठीण खडकात सुरुंग लावून पुढे जाता येते. ओली माती मात्र खणावी तितकी पुन्हा आत सरकते. काम वारंवार ढासळले, वर्षे लोटली. कोकण रेल्वेच्या अशा मऊ मातीच्या बोगद्यांत काही कामगारांना प्राणही गमवावे लागले. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. तरीही ऑगस्ट २०२० मध्ये या बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी व चिखल शिरून गाड्या अडकल्या. विहिरीला पाणी देणारी हीच माती बोगद्याला मात्र अडचणीत आणते.

आपण काय करावे?

गाळाचे खडक बनण्याची क्रिया संपलेली नाही. तेरेखोल व शापोरा नद्यांच्या मुखाकडील खाजनांत दर पावसाळ्यात बसणारा गाळ, मोरजी-मांद्रे-हरमल किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या, हे सर्व उद्याच्या खडकांचे साहित्य आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एखादी चिरेखाण, रस्त्याची खोदाई किंवा खाजनाचा बांध प्रत्यक्ष दाखवावा. एका सकाळीत भूगोलाचे कितीतरी पाठ होतील. खोल खड्ड्याच्या काठाशी मात्र मुलांना जाऊ देऊ नये.

ग्रामपंचायतींनी गावातील प्रत्येक झऱ्याची व सार्वजनिक विहिरीची नोंदवही ठेवावी. वैशाखात व श्रावणात पाण्याची पातळी किती होती, विहीर खणताना कोणता थर किती हातांवर लागला, एवढे लिहिले तरी पुरे. खाण, चिरेखाण किंवा बांधकाम यांचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आला म्हणजे अशी दहा वर्षांची वही मोठा पुरावा ठरते. अधिकाऱ्यांनाही निर्णय घेताना तिचा आधार होतो.

विहीर खणणाऱ्या जाणत्या माणसाचे ज्ञान बहुधा त्याच्याबरोबरच जाते. ते कागदावर उतरवून घेण्याचे काम या उन्हाळ्यापासूनच सुरू व्हावे.