सूर्य बुडतो की आपण वळतो?

रमजानात पोलादपूरकडच्या वाड्यांवरची मुले हटकून विचारतात, "सर, सूर्य तर कधीच गेला, अजानला अजून एवढा वेळ का?" मी सांगतो, तो डोंगराआड गेलाय, मावळायचा आहे. डोळ्यांना दिसते तेच खरे धरले तर रोजा आधीच सुटेल!

खगोलशास्त्राचेही तसेच झाले. दुसऱ्या शतकात टॉलेमीने (आपल्या किताबांतला बतलिमूस) पृथ्वी मध्यभागी धरून गणित मांडले. ग्रहांच्या जागा बऱ्यापैकी जुळत, म्हणून ते चौदाशे वर्षे टिकले. अडचण चंद्राची होती. त्या गणितानुसार अर्धा चंद्र कधी कधी पृथ्वीच्या इतका जवळ यायला हवा, की नेहमीच्या जवळजवळ दुप्पट दिसावा. असा चंद्र महाडच्या पुलावरून कोणी पाहिलाय का?

दमास्कसच्या उमय्या मशिदीतले इब्न अल-शातिर मुवक्कित होते, म्हणजे नमाजच्या वेळा काढणारे. चौदाव्या शतकात त्यांनी मोठ्या वर्तुळावर लहान वर्तुळे फिरवून चंद्राची ही चूक दूर केली. आपल्या दख्खनमध्येही फिरोजशाह बहमनीने १४०७ मध्ये दौलताबादजवळ घाटमाथ्यावर वेधशाळा बांधायला घेतली होती. हकीम हसन गिलानी वारले आणि काम अर्धवटच राहिले. दौलताबादचे नाव निघाले की मला किल्ल्याआधी ही वेधशाळा आठवते.

१५४३ मध्ये कोपर्निकस यांचा ग्रंथ छापला गेला. त्यात चंद्राचे गणित इब्न अल-शातिर यांच्यासारखेच आहे. अल-बत्तानी यांचा तर नावानिशी उल्लेख आहे. म्हणून 'कोपर्निकसने आपल्या लोकांचे चोरले' असे संदेश मोबाईलवर फिरतात. मला ते पटत नाहीत. चोरीचा पुरावा कोणी दिलेला नाही. शिवाय इब्न अल-शातिर यांनी पृथ्वी मध्यातून हलवली नव्हती. सूर्याला मध्यभागी ठेवून पृथ्वीला त्याच्याभोवती फिरवण्याचे धाडस कोपर्निकस यांचे. ते कबूल करण्यात कमीपणा कसला?

लोकांना ते लगेच पटले नाही. पृथ्वी फिरते तर आपण पडत कसे नाही, असे विचारणारे तेव्हाही होते. १६१० मध्ये गॅलिलिओ यांनी दुर्बिणीतून शुक्राच्या कला पाहिल्या. कोरीपासून जवळजवळ पूर्ण गोलापर्यंत शुक्र दिसला, तो सूर्याभोवती फिरत असल्याशिवाय दिसणे शक्य नव्हते.

वर्गात हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे सर, सूर्य डोंगराआड जात नाही, डोंगरच वळून मध्ये येतो?"

म्हटले, "हो. आणि डोंगराबरोबर तूही."