वाचनालयाचा उंबरठा आणि आरोग्याची बातमी

सार्वजनिक वाचनालय म्हणजे पुस्तके देण्याघेण्याचे ठिकाण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि ज्या देशांत ग्रंथालयाचा प्रवेश विनामूल्य आहे, तेथे गेल्या दोन-तीन दशकांत या संस्थेकडे आणखी एक काम चालत आले आहे, आणि ते म्हणजे आरोग्याविषयीच्या बातम्या व माहिती सामान्य माणसाला नीट समजून घेता यावी यासाठी साहाय्य करणे. हे काम दवाखान्याचे किंवा आरोग्य खात्याचे आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दवाखान्याची पायरी माणूस आजारी पडल्यावरच चढतो, तेथे कोणालाही शांतपणे बोलायला सवड नसते, आणि निव्वळ आरोग्यावरचे व्याख्यान जाहीर केले तर पुढच्या दोन रांगा भरतानाही संयोजकांची दमछाक होते. गाण्याची बैठक, अभिवाचन, बालचित्रकला किंवा ग्रंथप्रदर्शन असले की मात्र लोक आपण होऊन येतात, लेकराबाळांना घेऊन येतात आणि कार्यक्रम संपल्यावरही रेंगाळतात. कलेचे कार्यक्रम आणि आरोग्याची माहिती एका छताखाली आणण्याची कल्पना या रेंगाळण्यावर उभी आहे.

हिंदुस्थानात विनामूल्य ग्रंथालयांचे पहिले मोठे जाळे बडोदे संस्थानात विणले गेले. तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि शाळा सुटल्यावर हाती पुस्तक पडले नाही तर शिकलेली अक्षरेही पुसली जातात हे ओळखून १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले. बॉर्डन यांच्या योजनेत मध्यवर्ती ग्रंथालय, मुलांसाठी स्वतंत्र विभाग आणि ग्रंथपालांचे प्रशिक्षण यांची तरतूद होती. पण खेड्यांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली ती फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी. ठरावीक पुस्तके भरलेली अशी पेटी गावाकडे रवाना होई, काही काळ तेथे राही आणि मग दुसऱ्या पुस्तकांना वाट करून देई. वाचणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घेतले जात नसत. ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांच्यासाठी याच खात्यात एक दृश्य-शिक्षण शाखा होती, आणि ती काचेवरील चित्रे पडद्यावर मोठी करून दाखवणारा जादूचा कंदील व चलच्चित्रे घेऊन गावोगाव फुकट खेळ करीत असे. निरक्षर माणसाचाही ग्रंथालयावर हक्क आहे आणि तो हक्क चित्राच्या वाटेने पोहोचवता येतो, हे बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी कृतीतून मान्य केले. आजच्या कोणत्याही विनामूल्य कलाकार्यक्रमाचे समर्थन यापेक्षा वेगळे नाही.

महाराष्ट्रातील परंपरा याहून जुनी असली तरी निराळ्या वळणाची आहे. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे. आणि अशा संस्था मुख्यतः सभासदांच्या वर्गणीवर व दात्यांच्या देणग्यांवर वाढल्या. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने त्यांना वर्गवारीनुसार अनुदान मिळू लागले. मात्र तमिळनाडू वा कर्नाटकाप्रमाणे ग्रंथालय उपकर, म्हणजे मालमत्ता करासोबत ग्रंथालयांसाठी वसूल केली जाणारी रक्कम, या कायद्यात नाही. परिणामी पुस्तक घरी न्यायचे तर अनामत व वर्गणी भरावी लागते, आणि खऱ्या अर्थाने मुक्तद्वार असतो तो बहुधा वृत्तपत्रांचा विभागच. तेथे सकाळी येणारा निवृत्त कारकून, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा तरुण आणि दुकान उघडण्यापूर्वी दहा मिनिटे डोकावणारा दुकानदार एकच पान आळीपाळीने वाचतात, आणि त्या पानावर हटकून एखादी आरोग्याची बातमी असते. म्हणजे वाचक, बातमी आणि जागा या तिन्ही गोष्टी आधीच एकत्र आलेल्या आहेत. उणीव आहे ती बातमी कशी वाचावी हे सांगणाऱ्याची.

ही उणीव किती खोल आहे हे कलेशीच संबंधित असलेल्या एका संशोधनावरून दाखवता येते. डिसेंबर २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डेझी फॅनकोर्ट आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी इंग्लंडमधील पन्नाशीपुढच्या ६७१० व्यक्तींचा सुमारे १४ वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. नाटक, मैफल, संग्रहालय, चित्रप्रदर्शन अशा ठिकाणी कधीही न जाणाऱ्या १७६२ जणांपैकी ८३७, म्हणजे ४७.५ टक्के, या काळात मृत्यू पावले. दर काही महिन्यांनी किंवा त्याहून अधिक वेळा जाणाऱ्या १९०६ जणांपैकी ३५५, म्हणजे १८.६ टक्के. एवढेच आकडे छापले तर नाटकाच्या तिकिटाने मृत्यूचा धोका निम्म्याहून खाली येतो असा मथळा सहज तयार होतो. परंतु जो चालू शकतो, ज्याच्या हाती पैसा आहे आणि ज्याची प्रकृती मुळात ठणठणीत आहे तोच नाटकाला जातो, हेही उघड आहे. अशा घटकांचा परिणाम गणिताने वजा करण्याच्या पद्धतीला संख्याशास्त्रात समायोजन म्हणतात. वय, सांपत्तिक स्थिती, आजार, हालचालीची क्षमता, नैराश्य इत्यादींचे समायोजन केल्यावर धोक्यातील फरक ३१ टक्क्यांवर आला. तो फरक लहान नव्हे. पण संशोधकांनी लोकांना नाटके दाखवून प्रयोग केला नव्हता, त्यांच्या आयुष्याचे केवळ निरीक्षण केले होते, आणि निरीक्षणात्मक अभ्यासातून दोन गोष्टी सोबत आढळतात एवढे कळते, एकीमुळे दुसरी घडते हे सिद्ध होत नाही. तसे लेखकांनी स्वतःच बजावले आहे. कला आरोग्याला पोषक असते असे म्हणणाऱ्या उत्साही मंडळींनी तर हे विशेष ध्यानात ठेवायला हवे, कारण आवडत्या निष्कर्षाची उलटतपासणी करायला कोणीच उत्सुक नसते.

साथीच्या काळात याच प्रश्नाला तातडी येते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे वृत्तपत्रांतील जीबीएस, या विकाराचे रुग्ण अचानक वाढले आणि पुढे संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. या विकारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, पायांपासून अशक्तपणा चढत जातो आणि काही रुग्णांना कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज पडते; बहुतेक रुग्ण मात्र बरे होतात. अनेकदा त्याआधी पोटाचा संसर्ग झालेला असतो, आणि पुण्यातील काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या कोंबडीच्या मांसातून पसरणारा जिवाणू आढळला. जीबीएस स्वतः एकाकडून दुसऱ्याला होत नाही. पसरतो तो पोटाचा संसर्ग, आणि तो झालेल्यांपैकी फारच थोड्यांना पुढे हा विकार जडतो. एवढा भेद मोठ्या अक्षरांत वाचनालयातल्या एका फळ्यावर लिहून खाली पाणी उकळण्याची सूचना आणि महापालिकेच्या पत्रकाची प्रत लावली, तर ते चार व्याख्यानांच्या बरोबरीचे ठरले असते. ग्रंथपालाने वैद्याची भूमिका घ्यावी असा याचा अर्थ नाही. औषध सुचवणे हे त्याचे काम नव्हे. कोणती माहिती कोणाकडून आली, ती कधीची आहे आणि मूळ कागद कोठे पाहता येईल हे दाखवणे मात्र त्याच्या विद्येचा गाभाच आहे.

वेल्समध्ये या विद्येचा उपयोग पद्धतशीरपणे झाला. कार्डिफ येथील मानसशास्त्रज्ञ नील फ्रूड यांनी २००३ साली सुरू केलेल्या योजनेत डॉक्टर सौम्य नैराश्याच्या किंवा चिंतेच्या रुग्णाला औषधाप्रमाणेच पुस्तकाचे नाव लिहून देत आणि ते पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयातून मिळे. २००५ मध्ये ती वेल्सभर लागू झाली, आणि २०१३ पासून इंग्लंडमध्येही ‘रीडिंग वेल’ या नावाने तशीच योजना चालू आहे. विचारांच्या सवयी तपासून त्या बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीवरील पुस्तके तिच्यात प्रामुख्याने असतात. पुस्तक घ्यायला आलेला माणूस कोणत्या कारणाने आला हे शेजारच्याला कळत नाही, ही या योजनेची मोठी सोय. मनोविकाराच्या दवाखान्याबाहेर बसायला संकोचणाऱ्याला ग्रंथालयाच्या रांगेत उभे राहताना कसलाच संकोच वाटत नाही.

कोविडच्या काळात महाराष्ट्रातील ग्रंथालये मार्च २०२० पासून बंद होती. ती १५ ऑक्टोबर २०२० पासून आणि नाट्यगृहे ५ नोव्हेंबरपासून निम्म्या आसनक्षमतेने उघडण्यास परवानगी मिळाली. संसर्ग टाळण्यासाठी ग्रंथालये बंद ठेवणे आवश्यकच होते, परंतु अफवांना सर्वाधिक जोर होता त्याच महिन्यांत शहानिशा करण्याची ही एक जागा कुलूपबंद राहिली. या जागेचे मोल ठरवताना मात्र आजही, म्हणजे राज्यातील वाचनालयांची वर्गवारी करताना, ग्रंथसंख्या, नियतकालिके आणि सभासद मोजले जातात. सभासद नसलेल्या किती माणसांनी वर्षभरात विनामूल्य कार्यक्रमाच्या निमित्ताने उंबरठा ओलांडला, याचाही एक रकाना त्या नोंदींत आला, तर आरोग्याचा फळा रंगवण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हा कार्यवाहांचा नेहमीचा प्रश्न पुष्कळसा सुटेल.