शेवटच्या तासाचे कामकरी



मत्तय 20 मधील द्राक्षमळ्याचा दाखला आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. घरधनी पहाटे कामकरी लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाच वाजता. संध्याकाळी सर्वांना सारखाच एक दीनार मिळतो. ईश्वरविज्ञानाची पदविका घेताना मी शिकले की, हा दाखला मागच्या अध्यायातील पेत्राच्या प्रश्नाशी जोडलेला आहे: आम्ही सर्व सोडून आलो, आम्हांला काय मिळणार? तारण ही कमाई नव्हे, कृपा आहे, असे मी या वचनावर अनेकदा बोलले आहे.

दोन वर्षांपूर्वी पावसाच्या तोंडावर रायगड जिल्ह्यातील एका कातकरी वाडीत संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही हेच वचन वाचले. मी विचारले, पहाटेपासून राबलेल्यांना राग का आला? वीटभट्टीवरून नुकत्याच परतलेल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, त्यांचं राहू द्या. जो पाचपर्यंत उभा राहिला त्याला कोणी कामाला बोलावलंच नाही. त्याच्या घरी पोरं नसतील का? अर्धी मजुरी दिली तर ती अर्धीच जेवतील?"

मी गप्प झाले. दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, हे मला पाठ होते. पण त्यातून कमी झाले तर चुलीवर काय चढते, हे मावशींना ठाऊक होते. कृपेचा अर्थ त्यांनी नाकारला नाही. त्या कृपेला पोट असते, हे दाखवले.

मग माझ्याच कामाकडे पाहणे भाग पडले. वाडीत आमची धान्य बँक आहे. होळीपर्यंत धान्य जमा करील आणि दरमहा बैठकीला येईल, त्यालाच पावसाळ्यात उसने धान्य, हा नियम मीच केला होता. शिस्तीसाठी तो योग्य वाटला. पण भट्टीवर जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर वाडी सोडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे ज्यांच्या घरी आषाढात दाणा नसतो, तीच यादीबाहेर. मग ती भट्टीमालकाकडून उचल घेतात आणि पुढचा सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. माझा नियमच त्यांना उचलीकडे ढकलत होता.

पहिल्या मंडळीतही असेच घडले होते. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये ग्रीक भाषा बोलणाऱ्यांनी तक्रार केली की, रोजच्या वाटणीत आमच्या विधवा सुटतात. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. मंडळीने सात जण निवडले. स्तेफन, फिलिप्प आणि इतर. सातही नावे ग्रीक आहेत! जे सुटत होते, त्यांच्या बाजूच्या माणसांच्या हाती वाटप गेले असावे. आणि त्यानंतर, सातव्या वचनात, शिष्यांची संख्या वाढल्याचे आपण वाचतो.

आम्हीही नियम बदलला. भट्टीवरून परतणाऱ्यांना आता लगेच धान्य मिळते. भातकापणीच्या मजुरीतून दिवाळीपूर्वी त्यांनी ते परत करायचे. यादी करायला त्या मावशीही बसतात. काही घरांची परतफेड राहिली आहे आणि काहींनी यंदाही उचल घेतली. पण काहींना ती घ्यावी लागली नाही.

वचनाचा कोणीही काढलेला कोणताही अर्थ बरोबर, असे मी म्हणत नाही. वचन एकच आहे. पण आपण ते आपापल्या जागेवरून वाचतो, आणि एका जागेवरून सगळे दिसत नाही. आपल्या मंडळीत शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एखाद्या कामकऱ्याला या महिन्यात हा दाखला वाचून काय वाटते, ते विचारा. उत्तर देण्याची घाई मात्र करू नका.

वाडीसाठी प्रार्थना करा. दिवाळी जवळ येत आहे.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण