आंघोळीचे पाणी आणि लहान मूल

भाजणे म्हटले की स्टोव्हचा भडका आठवतो. परंतु एक ते चार वर्षांच्या मुलांना बहुधा भाजते ते कढत पाण्याने, चहाने, नाहीतर वरणाने. आमच्या चांदीपकडे सकाळी चुलीवरचा हंडा बादलीत रिकामा करतात, आई विसण आणायला वळते आणि नुकते चालू लागलेले मूल बादलीचा काठ धरते. आधी गार पाणी, मग कढत, एवढा क्रम बदलला तरी पुष्कळ टळेल. मुलाची त्वचा पातळ. ६० अंशांचे पाणी तिला एखाद-दोन सेकंदांत खोल भाजते. पेज त्याहून वाईट, कारण ती अंगाला चिकटून राहते.

भाजल्यास कपडे काढा (चिकटलेला ओढू नका) आणि त्या जागेवर स्वच्छ गार पाणी २० मिनिटे ओतत राहा. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई तर नकोच. ती पुसल्याशिवाय जखमेची खोली आम्हाला दिसत नाही, आणि पुसताना पोर पुन्हा कळवळते. फोड फोडू नयेत.

मुलाचा बोटांसकट तळवा म्हणजे त्याच्या शरीराचा सुमारे १ टक्का. असे दहा तळवे भाजले असल्यास सलाईन लागते. तेव्हा, किंवा चेहरा, हात, गुप्तांग भाजल्यास, स्वच्छ चादरीत गुंडाळून थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.